प्लेट सोडायची नाही

मंगळवार, ५ जानेवारी १९८८

दैनंदिनी कशी लिहितात ठाऊक नाही. जन्मभर लिहिली ती पत्रं. म्हणून पत्रासारखीच सुरुवात करतो, आधी एकेकाची खुशाली.

मैनाबाई, आमच्या सौभाग्यवती, गुडघे कसे आहेत? थंडीत कुरकुरतात, शेक चालू आहे. कमलाकांत सर, घसा सुटला का? अजून बसलेलाच, मागच्या बाकावरच्यांना त्यांचं बोलणं अंदाजानेच कळतं. चिंतू, पाय? वर्गातलं किनाऱ्याकडचं पोर; एडवणच्या खडकावर कालवं काढताना कापला होता, भरत आला. नवसी, ताप? उतरला म्हणते. ती सगळ्यालाच "बरा हाय" म्हणते, म्हणून तिला दोनदा विचारावं लागतं. आमचं छापायचं यंत्र? वरचा रूळ कण्हत होता, तेल पाजलं, गप्प झाला. आणि खंडेराव, तुम्ही? मी टणक. नाक चोंदलेलं असतं तेवढंच, गेल्या पावसाळ्यातल्या पडशापासून. या वयात एवढी खोड चालायचीच.

वही कमलाकांत सरांनी दिली. म्हणाले, "वर्गात काय शिकवता, काय सुचतं, ते लिहीत जा. अभ्यासक्रम बांधायला उपयोगी पडेल." आमचा वर्ग मुद्राचित्रांचा. म्हणजे लाकडावर हत्याराने, जस्ताच्या पत्र्यावर (आम्ही त्याला प्लेट म्हणतो) ॲसिडाने चित्र कोरायचं, शाई भरायची आणि कागदावर उतरवायचं. बोईसरच्या अलीकडे, औद्योगिक वसाहतीच्या कडेला एका बंद गोदामात कॉलेजने तो यंदाच सुरू केला. सर मोठ्या कलाशाळेत शिकून आलेले. मी गिरगावात छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या उस्तादाकडे झाडू मारायला लागलो आणि ब्लॉकमेकर होऊन बाहेर पडलो. पुढे इथे खोक्यांवरच्या छपाईत निवृत्त झालो. मला सुलटी अक्षरं नंतर वाचता आली. जस्तावरची उलटी आधी. तरी मला "शिक्षक" म्हणून घेतलं. मैना म्हणते, "आता तरी सुलटं बोलायला शिका."

फेब्रुवारीच्या आठ तारखेला मुंबईहून तपासणी समिती येणार आहे. वर्ग त्यांच्या पसंतीला उतरला तर पक्का होईल, नाही तर उन्हाळ्यात कुलूप. बाकीची पोरं दुसरीकडे जातील. नवसीला दुसरीकडे नाही. मासवणजवळच्या तिच्या पाड्यातून कॉलेजात आलेली ती पहिली. बाप बुधा दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातो, पोर पालघरच्या वसतिगृहात राहते आणि शनिवारी घरी. कुलूप लागलं तर पुढच्या दिवाळीला तीही बापामागे भट्टीच्या ट्रकात चढेल.

शनिवार, ९ जानेवारी

आज अभ्यासक्रमाची बैठक झाली. प्राचार्य, सर आणि मी. चहा आला, बिस्किटं आली, मग भांडण आलं.

सरांनी पहिलं प्रकरण वाचलं. हवा, पाणी, हात. पहिला महिना ॲसिडच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडायचं नाही. हवा बाहेर ओढणारा पंखा बसल्याशिवाय ॲसिडकामाला हात घालायचा नाही. हातमोजे घालायचे. डोळे झोंबले तर काम टाकून बाहेर यायचं.

मला ऐकवेना. म्हटलं, "सर, हे छापायला शिकवणं झालं की भ्यायला? पोहायला शिकवताना आधी महिनाभर बुडालेल्यांची नावं वाचून दाखवता का?"

प्राचार्य खळखळून हसले, मीही. सर लाल झाले. म्हणाले, "खंडेराव, तुमच्या उस्तादाकडे किती जणांचे दात गळले, छाती गेली, ते तुम्हीच सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं. पण काम आलं की नाही?"

मग मी माझं सांगितलं. पहिल्या दिवसापासून प्लेट हातात द्या. आणि एकच नियम शिकवा, जो उस्तादाने मला शिकवला: प्लेट ॲसिडात, तर माणूस प्लेटपाशी. छपरावर वीज पडली तरी प्लेट सोडायची नाही. ॲसिड चित्र खातंय, त्याच्याकडे पाठ फिरवली तर ते चित्राबाहेरचंही खातं. या एका नियमात सगळं शिक्षण आलं: धीर, लक्ष, शब्द पाळणं. आजच्या पोरांत कमी आहे ते तेच.

आणि हवेचं म्हणाल तर कारागिराचं नाक हाच पंखा. ॲसिड तापायला लागलं की त्याचा वास बदलतो. मी सांगेन तेव्हा खिडक्या उघडायच्या. हाय काय, नाय काय.

प्राचार्यांना पटलं. पंखा पुढच्या वर्षावर गेला. सरांचं पहिलं प्रकरण गाळलं आणि त्या जागी एक वाक्य घातलं: "ॲसिडकामाच्या वेळी अनुभवी कारागीर खंडेराव हजर राहतील व वासावरून खिडक्या उघडण्याची सूचना देतील." सरकारी कागदावर माझं नाव, आणि तेही नाकासकट! मैनाला वाचून दाखवलं. ती कणीक मळता मळता म्हणाली, "बरं झालं. मला वाटलं ते नाक नुसतं खुपसायलाच हाय."

सर गाळलेलं प्रकरण उचलून निघाले. उगाच हसलो मी. माणूस चांगला आहे, फक्त भित्रा.

बुधवार, १३ जानेवारी

संक्रांतीचे तीळ भाजायला बसवून मैना शेजारी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला गेली. "जरा ध्यान ठेवा" म्हणाली. मी कढईसमोरच बसलो होतो. लिनोच्या मऊ रबरी तुकड्यावर कोरायच्या नमुन्याचा विचार चालला होता. ती जिन्यातूनच ओरडत आली. कढईत काळे मणी.

"नाकात काय बोळं घातल्यात का वो? खालच्या मजल्यावर धूर गेला!"

म्हटलं, लक्ष कामात होतं. ती म्हणाली, "लक्ष डोक्यात असतंया. वास नाकाला येतो." बायकांना दोन गोष्टी वेगळ्या करायची फार हौस.

बुधवार, २० जानेवारी

आज नवसीने पहिली प्लेट ॲसिडात सोडली. जस्तावर मेणाचा काळा थर, त्यावर सुईने ओढलेलं चित्र. थर जिथे खरवडला तिथेच ॲसिड जस्त खाणार. तिने ट्रक काढला होता. मागून, फळका लावलेला. फळक्यावरून डोकावणारी माणसं, कडेला लटकवलेलं पातेलं, आणि एका बाईच्या काखेत कोंबडी. माणसांना तोंडं नाहीत, पण कोंबडीला डोळा आहे.

"कोंबडीच बघतेय गं एकटी," मी म्हटलं.

"मानसं झोपलीत काका. पहाटचा ट्रक निंगतो."

ॲसिडात जस्ताला बुडबुडे येतात, ते पिसाने हलके सारावे लागतात, नाहीतर रेघ तुटते. वर्गातलं कबुतराचं पीस झडलं होतं. ती घरून कोंबडीचं घेऊन आली होती, दोऱ्याने काडीला बांधून. चिंतू म्हणाला, "आगो, जीची कोंबरी तीचाच पीस. आखी कोंबरी आनली असतीस तं कालवन झाला असता." सगळे हसले. ती हसली नाही. प्लेटवरून नजर काढली नाही.

डबा खायची वेळ झाली, पोरं गेली, ती उभीच. म्हटलं, "नवसी, जेव जा."

"प्लेट सोडायची नाय ना, काका?"

मला काय वाटलं ते कसं लिहू. एवढ्या वर्षांत उस्तादाचा नियम मी कितीकांना सांगितला, पण पाळणारी ही एकच भेटली. सरांना मुद्दाम बोलावून दाखवलं. सर तिच्याकडे बघत राहिले. मग तिला म्हणाले, "नवसी, एखाद्या गोष्टीला तू 'नाही' म्हणतेस का कधी?" तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "नाय." पुन्हा सगळे हसले. सर तेवढे हसले नाहीत.

मंगळवार, २ फेब्रुवारी

उत्तरेचं वारं सुटलं आहे. अशा दिवसांत वसाहतीचा वास थेट गोदामात शिरतो. कधी सडक्या अंड्यासारखा, कधी नुसता तिखट, पोरं सांगतात. सवय अशी झाली आहे की वास आला की कुणी काही विचारत नाही. जो जवळ असेल तो उठतो आणि खिडक्या लावतो, माश्या यायला लागल्या की दार लावावं तसं. बोईसरची पोरं तर झोपेतही लावतील.

येताना एसटीत चिंतूने सुक्या बोंबलांची पिशवी मैनासाठी म्हणून माझ्याकडे दिली. माझ्या शेजारचा भला माणूस उठून दांड्याला धरून उभा राहिला, पुढची बाई पदर नाकाला लावून बसली. शहरी थाट! मी आरामात पाय पसरून बसलो.

समितीला सहा दिवस. नवसीची पहिली प्लेट फिकी आली, रेघा खोल गेल्या नाहीत. ती कोंबडीच्या डोळ्यावर खूश नाही. समितीसमोर तीच प्लेट ठेवायची आहे. शनिवारी थर पुन्हा चढवून ॲसिड जरा कडक करू, म्हणजे काम लवकर होईल.

शनिवार, ६ फेब्रुवारी, दुपारी

आज थोडी गडबड झाली. कुणाला काही लागलं नाही, पण लिहून ठेवतो.

सर स्टेशनवर कागदाचे गठ्ठे उतरवून घ्यायला गेले होते. मी ॲसिड नेहमीपेक्षा कडक केलं आणि नवसीची प्लेट त्यात सोडली. तिला पीस दिलं, नियम सांगितला आणि मी पलीकडच्या टोकाला यंत्राशी गेलो. रूळ पुन्हा कण्हायला लागला होता, पोरांना घेऊन तो बसवत होतो.

थोड्या वेळाने चिंतू म्हणाला, "काका, वास येतंय."

मी नाक वर करून हुंगलं. काही नाही. "माझ्या नाकाला येत नाही म्हणजे ॲसिडचा नव्हे. वसाहतीचं वारं असेल. खिडक्या लावा."

लावल्या. सगळ्या.

नवसीने कोपऱ्यातून हाक मारली, "काका, डोलं झोंबतात."

मी रुळाखालून म्हटलं, "कांदा चिरताना झोंबत नाहीत का? टाकून देतेस का कांदा? थोडं राहिलंय, सारत राहा."

"हां काका."

मग पोरं खोकायला लागली. तेवढ्यात सर आले. त्यांनी दारातूनच आरडाओरड केली. एवढ्या बसलेल्या घशातून एवढा आवाज कसा निघाला कुणास ठाऊक. कोपऱ्यात ॲसिडच्या ट्रेवर तांबूस धूर उभा होता, विटेच्या भुग्यासारखा, आणि त्यात वाकून नवसी बुडबुडे सारत होती. सरांनी तिला दंडाला धरून ओढलं. पीस तिच्या हातातच. दारं-खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, नळाखाली डोळे धुतले. पोरं खोकून खोकून शेवटी हसायला लागली. चिंतू नवसीला म्हणाला, "तू त धुरान सुकवलेला बोंबिल झालीस." नवसीही हसली.

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा "बरी हाय काका" म्हणाली. शनिवार म्हणून पालघरला जाऊन मनोरच्या गाडीने मासवणला गेली.

प्लेट मात्र खलास. कोंबडीच्या जागी आरपार भोक. समितीला काय दाखवायचं आता?

सर फार चिडले आहेत. चिंतूचा खोकला थांबेना म्हणून त्याला पालघरच्या दवाखान्यात घेऊन गेले. पोराटोरांसारखं करतात. आम्ही गिरगावात असा धूर

दारात सर आलेत. स्कूटर चालूच ठेवली आहे. घाईने बोलावतात.

रविवार, ७ फेब्रुवारी

काल अर्ध्यावर सुटलं ते आज लिहितो.

सर दारातून एवढंच म्हणाले, "डॉक्टरांनी विचारलं, ट्रेच्या सगळ्यात जवळ कोण होतं? मी नाव सांगितलं. ते म्हणाले, ती आत्ता कुठे आहे?"

स्कूटरवर बसल्यावर बाकीचं कळलं. हा धूर लबाड असतो. आधी डोळे झोंबवतो, खोकवतो, मग सोडून देतो. माणसाला वाटतं सुटलो. काही तासांनी छातीत पाणी भरायला लागतं. चिंतूला डॉक्टरांनी ठेवून घेतलं होतं; तो लांब होता म्हणून त्याचं भिण्यासारखं नव्हतं. जी जवळ होती ती बसमध्ये बसून डोंगराकडे गेली होती.

मासवणला पोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. रस्ता सोडून पाड्याकडे पायवाट; स्कूटर तिथेच टाकली. सर पुढे पळत होते. मी मागे. माझ्या मनात एकच वेड्यासारखं चाललं होतं, ती चुलीपाशी भाकरी थापत असेल, आम्हाला बघून लाजेल, आपलं हसं होईल. देवा, होऊ दे हसं.

ती ओट्यावर कुडाला टेकून बसली होती. निजता येत नव्हतं. निजलं की जीव घुसमटायचा. ओठ जांभळाच्या रंगाचे. श्वास घेताना आतून वाजत होतं, हुक्क्यात पाणी वाजावं तसं. तिची आई मंगळी सुपाने वारा घालत होती. मला बघून नवसीने उठायचा प्रयत्न केला.

"बरी..." एवढंच आलं.

मंगळीने विचारलं, "मास्तर, हीला काय झाला? दुपारी आली तवा बोलत होती."

सर म्हणाले, "मावशी, ॲसिडचा धूर गेलाय छातीत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

गवताचा टेम्पो मिळाला. गवताच्या पेंढ्यांवर तिला बसती ठेवली, एका बाजूने आई, एका बाजूने मी. मनोर रस्त्याने पालघरपर्यंत मी तिच्या श्वासांचा आवाज ऐकत होतो. एकदा तो थांबला. मंगळीने तिच्या पाठीत थाप मारली, पुन्हा सुरू झाला. त्यानंतर मंगळीचा हात थांबलाच नाही. मध्येच ती पोरीकडेच बघत म्हणाली, "पोर शिकाया दिली व्हती मास्तर. भाजाया नाय."

विटाच भाजतात ते लोक. तिला दुसरा शब्द कुठून आठवणार?

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र गेली तर बघू. रात्र गेली. सकाळी नवसीने डोळे उघडले, पण बोलायला मनाई आहे.

आता जे लिहायचं ते टाळत होतो. सकाळी चिंतू वॉर्डातून चालत आला, त्याला सोडलं होतं. येऊन बाकावर माझ्याजवळ बसला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "काय फिनेल मारलंय काका, डोका उठला." फरशी ओली होती. बादली आमच्या पायाशीच होती.

मला काहीच येत नव्हतं.

घरी आलो. मैना देवापाशी होती. मी मांडणीवरून हिंगाची डबी काढली आणि नाकाला लावली. मग टर्पेंटाइनची बाटली. मग रॉकेलचा डबा. कापूर. शेवटी चिंतूने दिलेल्या बोंबलांत तोंड घातलं. मैना दारात येऊन उभी राहिली.

"मैना, मला वास येत नाही."

ती आत आली. मग बसली माझ्याजवळ. "कधीपास्नं?"

"ठाऊक नाही."

"गेल्या पावसाळ्यापास्नं तुमी माझ्या आमटीला नाव ठिवलं न्हाई," ती म्हणाली. "मला वाटलं, सुधारला."

सोमवार, ८ फेब्रुवारी

समिती आली. तिघं जण, त्यांत एक बाई, केस पिकलेल्या.

येण्याआधी प्राचार्यांनी मला आणि सरांना खोलीत घेतलं. आवाज मऊ. म्हणाले, "मुलगी वाचते आहे, देवाची कृपा. आता वर्ग वाचवू. घडलं ते लपवायचं नाही. अहवालात लिहू: एका विद्यार्थिनीने दिलेल्या सूचना न पाळल्यामुळे किरकोळ अपघात. खंडेराव, तुमची सही लागेल, तुम्ही हजर होता."

कागद पुढे सरकवला. वर्ग वाचला तर नवसीचीही जागा वाचते, हे मलाही कळत होतं. हात पेनाकडे गेलाही होता.

"साहेब," मी म्हटलं, "तिने सूचना पाळली म्हणूनच ती तिथे पडली आहे."

"भावनेच्या भरात..."

"बाकीची पोरं खोकली आणि लांब गेली. ती एकटीच हलली नाही. कारण मी तिला हलायचं नाही असं शिकवलं होतं. माझ्या वर्गातली सगळ्यात चांगली विद्यार्थिनी ती, म्हणून तिला सगळ्यात जास्त लागलं."

प्राचार्य सरांकडे बघू लागले, तुम्ही तरी समजवा म्हणून. सरांनी कागद उचलला, दोन घड्या घातल्या आणि खिशात ठेवला. कपाटातून आपलं गाळलेलं प्रकरण काढलं.

समितीसमोर सरांनी ते वाचलं. हवा, पाणी, हात. घसा फाटत होता. "डोळे झोंबले तर काम टाकून बाहेर यायचं" यापाशी ते थांबले. पुढे मी सांगितलं. माझं नाक, खिडक्या, कांदा, सगळं.

त्या बाईंनी विचारलं, "मग आता तुमच्या मते विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा काय शिकावं?"

म्हटलं, "बाई, परवापर्यंत ठाऊक होतं. आज विचाराल तर जिला विचारायला हवं ती दवाखान्यात आहे."

त्यांनी वहीत काही लिहिलं. निकाल नंतर कळवतील. ॲसिडकाम आजपासून बंद, पंखा बसेपर्यंत. लाकडावरचं कोरकाम चालू. प्राचार्य मला नमस्कार न करता गेले.

निघताना सरांना म्हटलं, "सर, त्या दिवशी बैठकीत मी हसायला नको होतं."

सर म्हणाले, "मी तेव्हा अजून जोरात भांडायला हवं होतं." स्कूटर सुरू केली. "बसा. दवाखान्यात जायचं ना?"

गुरुवार, ११ फेब्रुवारी

नवसीची नळी काढली. पेज प्यायली. बाप बुधा भट्टीवरून आला आहे. माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे.

मैना रोज डबा देते आणि बाहेरूनच परत येते. आज आत गेली. मंगळी आणि ती कितीतरी वेळ बोलत होत्या. काय ते मला सांगितलं नाही.

मंगळवार, १६ फेब्रुवारी

नवसीला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, छाती पूर्ववत व्हायला महिने लागतील, ओझं नको, धूर नको. धूर नको! तिच्या घरात एकच खोली आणि त्यात चूल. मंगळी म्हणाली, चूल बाहेर मांडू.

टेम्पोत बसताना मी विचारलं, "वर्गात येशील ना, पोरी?" तिने तोंड उघडलं. मला वाटलं, आता "हां काका" म्हणणार. ती आईकडे बघत राहिली. टेम्पो निघाला.

शनिवार, २० फेब्रुवारी

समितीचं पत्र आलं. वर्ग आणखी एक वर्ष चालवून बघा, अभ्यासक्रम नव्याने लिहा, पहिलं प्रकरण जागेवर ठेवा, मग पक्कं करू. पंख्याची अट घातली आहे. माझ्या नावाचं वाक्य काढून टाकलं. ते मी आधीच खोडलं होतं.

नवसीला पत्र लिहायचं आहे. चिंतू उद्या मासवणला जातोय, त्याच्याकडे देईन. आधी इथे कच्चं लिहून बघतो.

"चि. नवसीस अनेक आशीर्वाद.

वर्ग चालू राहिला. तुझी जागा तुझीच आहे. तुझा ट्रक ज्या प्लेटवर आहे ती मी धुऊन, तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवली आहे. तिला भोक पडलं आहे, कोंबडी गेली. छापलेली नाही. चिंतू म्हणतो, भोकासकट छापा. सर म्हणतात, ज्याची प्लेट त्याला विचारा. म्हणून विचारतो.

आणखी एक विचारतो. सर अभ्यासक्रम नव्याने लिहितायत. माझं एक वाक्य घ्यायला तयार झाले आहेत. माझं वाक्य असं: डोळे झोंबले, श्वास अडला किंवा मन घाबरलं, तर शिकवणारा काहीही म्हणाला तरी विद्यार्थ्याने प्लेट सोडून बाहेर यावं, चित्र बिघडलं तर त्याचे गुण कापू नयेत. हे बरोबर आहे का? तुला आणखी काही घालावंसं वाटलं तर सांग. तू सांगितलेलं पहिलं घालू.

माझ्या नाकाला वास येत नाही, हे तुला चिंतूने सांगितलं असेल. त्या दिवशी मी वारं म्हटलं, ते वारं नव्हतं. तू हाक मारलीस ती मला ऐकू आली होती. कान चांगले आहेत माझे.

तुला परत यायचं नसेल तर आई-बापाच्या सांगण्यावर नको, माझ्या सांगण्यावर तर नकोच, तुझ्या मनाने ठरव. 'बरी हाय' एवढंच लिहू नकोस. 'नाय काका' असेल तर तसंच लिही, मोठ्या अक्षरात. तेवढं तुला यायला हवं, आणि ते मी शिकवलं नव्हतं.

चिंतू चार दिवस तिकडेच आहे, उत्तर त्याच्याकडेच दे. हात थकला तर दोनच ओळी पुरेत. पण लवकर लिही. वाट बघतोय.

तुझा, खंडूकाका."